दोन कपाटांतला कादंबरीकार

किरण नगरकर मराठी लेखक की इंग्रजी, हा प्रश्न त्यांच्या हयातीत अनेक वर्षे विचारला गेला, आणि ५ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाल्यावरही तो मिटला नाही. त्या आठवड्यात आम्ही जे मृत्युलेख वाचले, त्यांतल्या मराठी लेखांत 'सात सक्कं त्रेचाळीस'चे लेखक गेले होते आणि इंग्रजी लेखांत 'ककोल्ड'चे. एकाच दिवशी दोन निराळी माणसे वारली असावीत असा भास व्हावा, इतके हे लेख एकमेकांना अनोळखी होते. एरवी हा प्रश्न आम्हांला रुचत नाही. लेखकाच्या भाषेचा दाखला तपासत बसणे हे तलाठ्याचे काम आहे, वाचकाचे नव्हे. परंतु नगरकरांच्या बाबतीत तो टाळताही येत नाही, कारण त्यांच्या लेखनातली दीर्घ मौने, त्यांना लाभलेले आणि न लाभलेले वाचक, त्यांच्या मनात शेवटपर्यंत राहिलेला सल, हे सारे या एका प्रश्नाभोवती फिरत राहिले.

आम्ही ज्या महाविद्यालयात मराठी शिकवतो, तेथील ग्रंथालयाने हा प्रश्न आपल्या पद्धतीने सोडवला आहे. 'सात सक्कं त्रेचाळीस' मराठी कादंबऱ्यांच्या कपाटात आहे, 'न' या अक्षराच्या खणात, नेमाड्यांच्या थोडी अलीकडे. 'रावण अँड एडी', 'ककोल्ड' आणि पुढची पुस्तके जिन्यापलीकडच्या इंग्रजी विभागात आहेत. आणि 'ककोल्ड'चा रेखा सबनीस यांनी केलेला मराठी अनुवाद 'प्रतिस्पर्धी' हा अनुवादित साहित्यात, शरच्चंद्र आणि टॉलस्टॉय यांच्या मराठी अवतारांच्या सोबतीला. काही वर्षांपूर्वी 'रावण आणि एडी' ही सबनीसांनीच मराठीत आणलेली कादंबरी पदव्युत्तर वर्गाला महानगरीय कादंबरीच्या घटकात लावावी, असे आम्ही एका अभ्यासक्रम समितीला सुचवले होते. उत्तर आले की, पुस्तक अनुवादित असल्याने ते तौलनिक साहित्याच्या घटकात बसेल. तौलनिक साहित्य पाहणारे सद्गृहस्थ म्हणाले, लेखक मराठी, विषय मुंबईचा, अनुवाद मराठीत; यात तुलना कशाची करायची? पुस्तक अखेर कोठेच लागले नाही. समितीच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. पण एक लेखक आपल्या विद्याव्यवस्थेच्या हातून निसटतो तो कोणी त्याला नाकारल्यामुळेच असे नव्हे, तर त्याच्यासाठी रकाना नसल्यामुळेही, हे त्या दिवशी आम्हांला नीट पाहायला मिळाले.

नगरकरांचा जन्म २ एप्रिल १९४२ चा, मुंबईचा. आजोबा बी. बी. नगरकर हे ब्राह्मो समाजाचे. शिकागोला १८९३ साली भरलेल्या ज्या सर्वधर्मपरिषदेत विवेकानंद गाजले, त्याच परिषदेत या गृहस्थांनीही भारतातील समाजसुधारणेवर भाषण केले होते. घराचे वळण अर्थातच सुधारकी आणि इंग्रजीकडे झुकलेले. किरण नगरकरांचे मराठी माध्यमातले शिक्षण अवघे चार वर्षांचे. पुढचे सारे इंग्रजीत: शाळा, पुण्याचे फर्ग्युसन, मुंबईचे एस. आय. ई. एस. आणि इंग्रजी साहित्यातील पदव्युत्तर शिक्षण. त्यानंतर काही काळ अध्यापन, काही काळ पत्रकारिता, आणि चरितार्थासाठी बरीच वर्षे जाहिरात-व्यवसायातले लेखन. (देव बेनेगल यांच्या 'स्प्लिट वाइड ओपन' या चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली. असो.) ज्याने इंग्रजीतच लिहावे असे सर्व ग्रह सांगत होते, त्या माणसाने पहिली कादंबरी लिहिली ती मात्र मराठीत. मराठी लेखक 'इंग्रजीकडे गेला' असे त्यांच्याविषयी नेहमी म्हटले जाते. घटनाक्रम पाहिला तर अधिक आश्चर्याची गोष्ट ही आहे की, इंग्रजीत वाढलेला एक तरुण आधी मराठीकडे आला.

तो आला त्या काळाचाही त्यात वाटा आहे. साठोत्तरी लघुअनियतकालिकांच्या त्या मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे ही मंडळी दोन्ही भाषांत सहज ये-जा करीत होती. जाहिरातीच्या कचेऱ्या, इराण्याची हॉटेले आणि सायक्लोस्टाइल केलेले अंक यांच्यामधल्या त्या जगात 'तुझी भाषा कोणती' हे विचारण्याची रीत नव्हती. त्या वातावरणात एखाद्याला आपल्या चार वर्षांच्या मराठीवर कादंबरी उभी करता येईल असे वाटले, यात नवल नाही.

'सात सक्कं त्रेचाळीस' मौज प्रकाशनाने १९७४ साली काढली. पहिल्या कादंबरीसाठीचे राज्य शासनाचे हरि नारायण आपटे पारितोषिक तिला मिळाले, आणि १९८० साली शुभा स्ली यांनी केलेला तिचा इंग्रजी अनुवाद ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केला. एवढे मानसन्मान होऊनही पहिली आवृत्ती संपायला दोन दशकांहून अधिक काळ लागला, असे नगरकर स्वतः सांगत असत.

आम्ही ती प्रथम वाचली ती विद्यार्थीदशेत, रस्त्यावर मांडलेल्या जुन्या पुस्तकांतून उचललेल्या एका प्रतीत, जिची पहिली सोळा पाने गळून पडली होती. सतराव्या पानापासून सुरुवात करूनही फारसे बिघडले नाही, ही त्या पुस्तकाच्या घडणीची खरी ओळख म्हणता येईल. कुशंक पुरंदरे नावाचा, लिहिणारा आणि बहुधा कफल्लक असलेला तरुण सांगतो आहे. ज्या 'तू'ला सांगतो आहे ती व्यक्ती सतत बदलते आहे. काळ मागेपुढे होतो आहे. आरोती, चंदनी यांच्याशी असलेले संबंध, मित्र, आजारपणे, मरणे, फजित्या हे सारे तुकड्यातुकड्यांनी येते आणि एकमेकांवर आपटते. मराठीत नायकाचे तुटलेपण दाखवणाऱ्या कादंबऱ्या तोवर आल्या होत्या. 'कोसला' १९६३ चीच. पण पांडुरंग सांगवीकरापाशी परत जायला एक गाव होते, ते कितीही नकोसे असो. कुशंकाला परत जायला काही नाही. त्याच्या भाषेलाही गाव नाही. तिच्यात इंग्रजी वाक्ये, शाळकरी मराठी, जाहिरातीतला चटपटीतपणा आणि अगदी एकाएकी येणारी हळवी ओळ एकाच परिच्छेदात नांदतात. अशुद्ध म्हणून ज्या मराठीला आमचे शिक्षक लाल शाईने अधोरेखित करीत, त्या मराठीत इतके खाजगी दुःख सांगता येते, हे आम्हांला त्या पुस्तकाने दाखवले.

शीर्षकाचेच पाहा. सात सक्कं बेचाळीस हे ज्याने पाढा म्हणून घोकले आहे, त्यालाच त्रेचाळीस हा आकडा ऐकताना ठेच लागते. दुपारच्या वर्गात चाळीस पोरांनी एका सुरात म्हटलेला पाढा, त्याची ती झुलती लय, 'सक्कं' हा फक्त पाढ्यातच जगणारा शब्द, आणि मग एकाने मध्येच एक वाढवून म्हटलेला आकडा. इंग्रजी अनुवादाचे शीर्षक अर्थाने अचूक आहे, पण तेथे ते चुकलेले गणित होते. मराठीत तो चुकलेला सूर आहे. नगरकरांच्या पदरी मराठी शाळेची जी चार वर्षे होती, ती नेमकी पाढ्यांची वर्षे होत. आमच्या एका अंतर्गत परीक्षेत निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी उत्तरपत्रिकेत कादंबरीचे नाव 'सात सक्कं बेचाळीस' असे लिहिले होते. सवयीने हात दुरुस्ती करून गेला. गुण कापावेत की काय याचा विचार करीत आम्ही बराच वेळ बसलो होतो.

यानंतर दुसरी कादंबरी यायला वीस वर्षे लागली. मधल्या काळातली एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. महाभारताचा आधार घेऊन त्यांनी 'बेडटाइम स्टोरी' हे नाटक १९७८ च्या सुमारास लिहिले. सेन्सॉरने त्यात अठ्ठ्याहत्तर ठिकाणी कात्री सुचवली. त्यातूनही ते उभे राहू पाहत असता हिंदुत्ववादी संघटनांच्या विरोधामुळे ते रंगमंचावर येऊ शकले नाही. सतरा वर्षांनी, १९९५ साली, त्याचा प्रयोग झाला. 'घाशीराम कोतवाल' आणि 'सखाराम बाइंडर' यांच्यावरील वादांचे इतिहास आपण वर्गात तपशिलाने शिकवतो, कारण ती नाटके लढून जिंकली. जे नाटक मुकाट्याने घरी बसले त्याचा इतिहास शिकवण्याची सोय आपल्याकडे नाही. पण एखादा लेखक एखाद्या भाषेतून, एखाद्या शहराच्या रंगभूमीवरून का दूर जातो याची कारणे शोधताना केवळ पैसा आणि कीर्ती यांच्याकडे बोट दाखवणाऱ्यांनी या सतरा वर्षांचाही हिशेब मांडावा.

'रावण अँड एडी' ही मराठीत सुरू झालेली आणि इंग्रजीत पूर्ण झालेली कादंबरी. ती नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आली आणि मराठीत कुजबुज सुरू झाली. मराठी समीक्षेने आपल्याला इंग्रजीत लिहिल्याबद्दल कधी क्षमा केली नाही, असे नगरकर पुढे अनेकदा बोलून दाखवीत. या तक्रारीत तथ्य किती? विचार करावा असा प्रश्न आहे. कोलटकरांची 'जेजुरी' १९७६ साली इंग्रजीत आली. त्यांच्यावर कोणी द्रोहाचा आरोप ठेवला नाही. चित्र्यांना १९९४ साली मराठी कवितेसाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि तुकारामाच्या इंग्रजी अनुवादासाठी अनुवादाचाही. आपण दोन्हींचा अभिमान बाळगला. विलास सारंग दोन्ही भाषांत लिहीत राहिले. मग नगरकरांच्याच वाट्याला हे का यावे? आमच्या मते याचे एक साधे कारण आहे. बाकीचे तिघे मराठीत परत येत राहिले. नगरकर कादंबरीपुरते परतले नाहीत. शिवाय कवीच्या भाषांतराकडे आपण छंद म्हणून पाहतो. कादंबरीकार मात्र घरातली माणसे, चाळीतली भांडणे, नळावरची गर्दी घेऊन जातो, आणि ती परक्या भाषेत बोलू लागली की आपल्याला काही चोरीला गेल्यासारखे वाटते. त्याच काळात देशीवादाची मांडणी जोरात होती, आणि इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीयाची जागा तिच्यात अगोदरच ठरलेली होती. ती मांडणी पुष्कळ अंशी न्याय्य होती असे आम्ही आजही मानतो. इंग्रजी लेखनाला मिळणारा भाव आणि देशी भाषांतील लेखनाला मिळणारी उपेक्षा यांच्यातला अन्याय काही कल्पनेतला नव्हता. परंतु या न्याय्य रागाचा फटका नेमका अशा लेखकाला बसला, ज्याची पहिली कादंबरी मराठी वाचकाने वीस वर्षे दुकानात पडू दिली होती.

आणि चोरीला गेले म्हणावे असे तरी काय आहे? 'रावण अँड एडी'ची सुरुवात घ्या. माझगावच्या सी. डब्ल्यू. डी. चाळीत पार्वती पवार या बाईच्या हातून तान्हे मूल गॅलरीतून निसटते. खाली घरी परतत असलेला व्हिक्टर कुटिन्हो त्याला झेलतो; मूल वाचते, व्हिक्टर मरतो. त्याची बायको व्हायोलेट त्या वेळी गरोदर आहे. तिच्या पोटी जन्मतो तो एडी. इकडे पार्वती आपल्या मुलाचे राम हे नाव बदलून रावण ठेवते. दृष्ट लागू नये म्हणून पोराचे नाव दगडू, धोंडू, भिकू ठेवणाऱ्या आयांची भाषा ज्याला येते, त्याला या नामांतराचे स्पष्टीकरण लागत नाही. त्याला हसू येते आणि पाठोपाठ काटाही येतो, कारण धोंडू म्हणणे निराळे आणि रावण म्हणणे निराळे. खानावळ चालवून घर रेटणारी ही पार्वती आणि नुसता बसून राहणारा तिचा नवरा शंकरराव ही जोडी गिरणगावच्या कोणत्याही वाचकाने पाहिलेली आहे. एकाच इमारतीत हिंदू खालच्या मजल्यांवर आणि गोव्याकडचे ख्रिस्ती वरच्या. मध्ये एक जिना, जो दोन्हीकडचे लोक वापरतात आणि तरी एकमेकांच्या घरी जात नाहीत. एडी हिंदू संघटनेच्या शाखेवर जाऊ लागतो, ही तर थट्टा अशी की, तिच्यात कोण कोणाला फसवते आहे हे सांगता येऊ नये.

मराठीत चाळ नाही असे नाही. 'बटाट्याची चाळ' १९५८ ची. पण तिच्यात राहणारे सारे एका पंगतीत बसू शकणारे लोक आहेत. भाऊ पाध्यांची मुंबई अधिक उघडीवाघडी, आणि आमच्या दृष्टीने नगरकरांचे खरे पूर्वज तेच. मात्र ख्रिस्ती शेजाऱ्याला आतून पाहणारी, त्याच्या मरणाचे ऋण हिंदू घरावर टाकून त्या ऋणावर सबंध पुस्तक उभारणारी मुंबईची दुसरी कादंबरी मराठीत दाखवणे सोपे नाही. वर्गात आम्ही हे पुस्तक अभ्यासक्रमाबाहेर वाचून घेतो. एका विद्यार्थिनीने, जिचे बालपण डॉकयार्ड रोडच्या परिसरातच गेले होते, एकदा विचारले की, नळाच्या पाण्यावरून होणाऱ्या युद्धाचे ते प्रकरण लेखक कोणाला समजावून सांगतो आहे? आम्हांला तर ते ठाऊकच आहे. प्रश्न मर्मावर बोट ठेवणारा होता. इंग्रजीत गेल्याची किंमत या कादंबरीने भरली आहे ती येथे. तिला थांबून समजावून सांगावे लागते: पाणी, गरिबी, हिंदी सिनेमा, गोवा, पोर्तुगीज. नगरकरांची हुशारी अशी की, या नाइलाजाचेच त्यांनी शैलीत रूपांतर केले. मध्येच कथा सोडून देऊन कीर्तनकारासारखे आख्यान लावावे, आणि श्रोत्याला मूळ कथेचा विसर पडू लागला की परत अभंगावर यावे. बहुतेक वेळा ते साधते. पुढच्या दोन भागांत, म्हणजे २०१२ च्या 'द एक्स्ट्राज'मध्ये आणि २०१५ च्या 'रेस्ट इन पीस'मध्ये, आख्यान लांबत जाते आणि बुवांना घड्याळाचे भान राहत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

'ककोल्ड' १९९७ ची. नगरकरांचे श्रेष्ठ पुस्तक कोणते, यावर आमच्या सहकाऱ्यांत वाद होतात. आम्ही स्वतः 'सात सक्कं'च्या बाजूचे. पण 'ककोल्ड'ने जो प्रश्न विचारला तो दुसऱ्या कोणत्याही भारतीय कादंबरीने त्या ताकदीने विचारल्याचे आम्हांला ठाऊक नाही. मीराबाईच्या नवऱ्याचे काय? मेवाडच्या राणा संगाचा थोरला मुलगा, गादीचा वारस, इतिहासात जवळजवळ नाव नसलेला. त्याची बायको त्याला सांगते की, तिचे लग्न आधीच दुसऱ्याशी झालेले आहे. तो दुसरा पुरुष असता तर तलवार होती. तो देव आहे, आणि मेवाडच्या वारसाचाही तोच देव आहे. कथनात तिला मीरा म्हणून हाक मारली जात नाही. हिरव्या डोळ्यांची, छोटी संत, अशी टोपणनावे तिला दिलेली आहेत. संतपदाला पोचलेल्या स्त्रीला पुन्हा घरातली व्यक्ती करण्याचा हा साधा आणि निर्दय उपाय आहे.

मराठी वाचकाला हे घर अनोळखी नाही. संताच्या संसाराची गोष्ट आपण शतकानुशतके ऐकत आलो, फक्त बाजू उलटी. देहूच्या घरात तुकोबांच्या मागे जेवणाची टोपली घेऊन डोंगर चढणारी, विठ्ठलाला शिव्या घालणारी आवली आपल्या कीर्तनांत आणि चित्रपटांत कजाग बायको म्हणून हशा पिकवायला येते. तिच्या घरात देव शिरला होता आणि तो धान्य आणून देत नव्हता, हे आपण हसण्यावारी नेले. नगरकरांनी हे दुःख हसण्यावारी नेऊ दिले नाही. त्यांचा महाराजकुमार सवतीच्या, म्हणजे त्या बासरीवाल्याच्या, मत्सराने जळतो, त्याची नक्कल करून पाहतो, अंगाला निळा रंग फासतो, आणि शेवटी जेथे विरून जातो ती जागाही त्या बासरीवाल्याचीच. शीर्षकाचा अनुवाद करताना रेखा सबनीस यांच्यापुढे केवढा पेच असेल याची कल्पना करता येते. जिची बायको परक्याची झाली अशा नवऱ्याला सभ्य मराठीत एक शब्द नाही. जे आहेत ते शिव्यांच्या शेजारचे. 'प्रतिस्पर्धी' या शब्दाने नवऱ्याची नामुष्की मागे पडते आणि देवाशी त्याची चाललेली स्पर्धा पुढे येते. अर्थ किंचित सरकला खरा. पण आम्हांला तो सरकलेला अर्थच कादंबरीच्या अधिक जवळचा वाटतो.

या पुस्तकातील भाषेवर त्या वेळी आक्षेप आले: सोळाव्या शतकातला राजपुत्र आजच्या माणसासारखा कसा बोलतो? ज्यांनी 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'मृत्युंजय' यांच्यावर आपले वाचन पोसले आहे त्यांना तो आक्षेप सुचणे साहजिक आहे. आपल्या ऐतिहासिक कादंबरीने एक दरबारी मराठी घडवली. तिच्यात माणसे बोलत नाहीत, सदैव बिरुदे उच्चारतात. नगरकरांचा महाराजकुमार नगरपालिकेच्या अभियंत्याच्या आस्थेने शहराच्या सांडपाण्याविषयी बोलतो, हिशेब पाहतो, आणि युद्धात माघार घेणे हेही एक शास्त्र आहे असे वडिलांना पटवू पाहतो. येथे मराठी वाचकाला एक निराळीच गंमत कळते. गनिमी कावा ही ज्या प्रदेशाची अभिमानाची परंपरा, तेथे माघारीचा बोभाटा होत नाही. मेवाडात मात्र तोच विचार भेकडपणा ठरतो, आणि १५२७ साली खानव्याच्या रणात बाबरापुढे राणा संगाच्या सैन्याचे जे झाले ते आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. एका इंग्रजी कादंबरीतल्या राजपूत नायकाच्या डोक्यात सह्याद्रीतले डावपेच फिरत आहेत, असे आम्हांला वाचताना पुनःपुन्हा वाटत राहिले.

'ककोल्ड'ला २००० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, अर्थात इंग्रजीसाठी. त्याच वर्षी मराठीसाठीचा पुरस्कार ना. धों. महानोरांच्या 'पानझड'ला मिळाला. जर्मनीत नगरकरांना मोठा वाचकवर्ग लाभला, आणि २०१२ साली त्या देशाने त्यांना आपला नागरी सन्मानही दिला. 'गॉड्स लिटल सोल्जर' ही २००६ सालची कादंबरी तेथे फार वाचली गेली. झिया नावाचा एक बुद्धिमान मुलगा एका धर्माच्या टोकावरून दुसऱ्या धर्माच्या टोकावर जातो, टोक तेवढे सोडत नाही. कल्पना बिनतोड आहे, परंतु पुस्तकात माणसापेक्षा कल्पनाच अधिक चालते-बोलते. २०१७ ची 'जसोदा' हे त्याच्या अगदी उलट पुस्तक: दुष्काळी गाव, जन्मलेल्या मुलींना स्वतःच्या हाताने संपवणारी आई, आणि लेखकाने तिच्याविषयी निवाडा देण्याचे कटाक्षाने टाळणे. त्या पुस्तकाला मिळायला हवे तेवढे वाचक मिळाले नाहीत, असे आम्हांला वाटते.

ऑक्टोबर २०१८ मध्ये काही महिला पत्रकारांनी, मुलाखतीसाठी गेल्या असता नगरकरांनी आपल्याशी अनुचित वर्तन केल्याचे जाहीरपणे सांगितले. नगरकरांनी ते नाकारले. पुढच्या वर्षी ते गेले. वर्गात हा विषय निघतो, आणि निघावाच. पार्वती आणि जसोदा ज्याने लिहिल्या त्याच्याविषयी हे ऐकताना विद्यार्थिनींच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते आम्ही पाहिलेले आहे. पुस्तके चांगली असणे हे त्या स्त्रियांच्या म्हणण्याला उत्तर होऊ शकत नाही, आणि त्यांचे म्हणणे हा पुस्तकाच्या पानावरचा शेरा नव्हे. दोन्ही गोष्टी वर्गात एकाच तासाला सांगाव्या लागतात, आणि तास संपल्यावरही त्या एकमेकींत मिसळत नाहीत. एकीने गेल्या वर्षी 'जसोदा' अर्ध्यावर परत केली. आम्ही कारण विचारले नाही.

शेवटचे पुस्तक 'द आर्सनिस्ट' २०१९ चे. त्याच्या केंद्रस्थानी कबीर आहे. आजच्या काळात येऊन सगळ्यांशी वाद घालणारा, सगळ्यांच्या घराला आग लावू पाहणारा विणकर. त्याच्या कितीतरी आधी, नव्वदच्या दशकात, नगरकरांनी एक नाटक लिहिले होते. त्याचे नाव होते 'कबीराचे काय करायचे'.